डाव्या कानाचं

सिग्नेनं कागदी थाळी उपडी घातली,
तिच्यावर आठ दिशा लिहिल्या,
मिठाच्या डबीचं विमान केलं.
"विमान नैऋत्येला निघालंय. खाली इमारत,
चार अंगांना चार पार्किंग. उत्तरेचं कुठलं?"
मी खिडकीकडे बोट केलं. कॅनडाचा वारा
तिथूनच फटीतून आत येतो, सप्टेंबरपासून.
"परीक्षेत खिडकी नसते, आर्ने.
दोन सेकंदांत उत्तर शोधायची,
आणि तेच उत्तर."

दोनदा नापास झालीय ती.
तिसरी खेप शेवटची, मग जन्मात पुन्हा नाही.

रात्रभर ती साखर कारखान्यात, बीटच्या ढिगांवर.
सकाळी येते ती गुडघाभर चिखल घेऊन
आणि तो वास, गोडूस, कुजका,
क्रुकस्टनमध्ये कुणाच्याच नाकाला आता न कळणारा.
बूट दाराशी. न्याहारी उभ्यानंच.
चाळीस डॉलरला जुनी मिळालेली जॉयस्टिक
मांडीवर घेते, आजारी मांजर घ्यावं तशी.
पडद्यावर पिवळं विमान सैरावैरा पळतं,
त्याच्या अंगावर फुली टेकवायची.
डाव्या हाताला थ्रॉटल, त्याचं विमान वेगळंच,
नुसतं वर, नुसतं खाली.
आणि हे चालू असताना दोन्ही कानांत आकडे.

आकडे बोलणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं.
आम्ही होतो.
उजव्या कानाशी बाबा, डाव्याशी मी.
बाबा: सात. के. चार. क्यू. दोन.
मी: नऊ. एम. तीन. बी.
उजवीकडून विषम आला तर चाप, सम आला तर बटण.
डावीकडून काहीही येवो,
आभाळ कोसळलं तरी डावीकडचं तिचं नाही.
बाबांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
आकडे असे म्हणायचे
जसं कुणी पोर मागे राहिलं नाही ना, ते बघतायत.

दहाव्या-बाराव्या दिवशी मला कंटाळा आला.
कंटाळाच म्हणतो मी त्याला.
नऊ. एम. तुझे मोजे भिजलेत. तीन.
ती हलली नाही. चाप. बटण. चाप.
बी. बाबा रात्री उठून तुझा ट्रक आला का बघतात. आठ.
बटण.
बाबा त्यांच्या आकड्यांत गढलेले.
मागची साठ एकर विकायला काढलीयेत. एफ. एक.
मला एकट्याला हे झेपणार नाही. सहा.
आणि बुधवारी, आवाज अगदी पाडून:
नऊ. जाऊ नकोस. डी.
चाप, चाप, बटण.
शंभरात सत्त्याण्णव.
बाबांनी टेबलावर थाप मारली, मिठाचं विमान आडवं झालं.
मीही टाळ्या वाजवल्या. वाजवाव्याच लागल्या.
इतका चोख कानाडोळा
कुणी माझ्याकडे आजवर केला नव्हता.

मिनिअ‍ॅपोलिस पाच तास.
भरतीचं ऑफिस नखं रंगवायच्या दुकानाला खेटून.
लेफ्टनंट डुप्री नावाच्या बाईंनी
सिग्नेची बसलेली उंची मोजली, हाताची पोच मोजली,
अधिकारी का व्हायचंय ते विचारलं.
काय म्हणाली ते मला माहीत नाही.
दार लागलं होतं.
आम्ही ट्रकमध्ये, हीटर लावून. बाबा सवयीनं
रस्ता ओलांडणारी पोरं मोजत होते.

कागदावर तीन आकडे होते.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवून ते मोठ्यानं वाचले,
मग पुन्हा वाचले.
अजून डोळे तपासायचेत, मग मंडळ बसेल,
वसंतापर्यंत काही कळणार नाही, असं ती म्हणत राहिली,
पण तोंडभर हसत.

फर्गस फॉल्सच्या पुढे बर्फ सुरू झाला.
बाबा मागे झोपलेले, तोंड उघडं.
सिग्ने चालवत होती, नजर वायपरच्या पलीकडे.
"बुधवारी," ती म्हणाली, "त्याच्या आधी
तू पाच म्हणालास की नऊ?"
मी बराच वेळ रस्त्याकडे बघितलं.
"नऊ."
"मला पाच वाटला," ती म्हणाली.
"डावा कान जरा कच्चाच आहे माझा."