छातीवरचं नाव

साडेसहाला उठायचं, असा नियम.
चोकेवांका त्याआधीच उठलेला असतो,
अंधारात, गुडघ्यांवर,
आणि त्याच्या पुटपुटण्यात मधूनच मेंढ्यांची नावं येतात
असं मला वाटतं. विचारलं नाही कधी.

आमच्या आयडाहोत बटाटे. इथे पुंता अरेनासला
पत्र्याची छपरं, लाल, पिवळी, एक जांभळंसुद्धा,
आणि वारा.
चौकात दोर बांधलेत माणसांना धरायला.
पहिल्या आठवड्यात वाटलं, मिरवणूक आहे कसली तरी.
दुसऱ्या आठवड्यात दोराला लोंबकळत,
टाय तोंडावर फडफडत असताना,
मी एका कुत्र्याला वाट दिली.

एकोणीस वर्षांचा मी, मिसरूड धड फुटलेलं नाही,
आणि छातीवर काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं: एल्डर.
म्हणजे वडीलधारा.
पट्टी पाहून आई आधी हसली, मग रडली,
मग तिने माझे पांढरे शर्ट मोजले. पुन्हा मोजले.

आम्ही दोघं कायम एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात.
चोकेवांका दात कसे घासतो ते मला ठाऊक,
सख्ख्या भावाचं ठाऊक नाही.
रुसलो तरी शेजारी शेजारीच चालायचं.
मंगळवारी भाताच्या करपलेल्या भांड्यावरून रुसलो
आणि तेवढ्यात तेवीस दारं वाजवली.
"नको." "आम्ही कॅथलिक." "नवरा झोपलाय."
एका पोराने दार किलकिलं करून सांगितलं,
"आई म्हणते, ती घरी नाही."

दोन्या एर्सिलिया मात्र आत घेते.
देवासाठी नाही, लाकडांसाठी.
आम्ही फोडतो, रचतो, ती खिडकीतून चुका काढते.
चहा चालत नाही आम्हाला, कॉफी नाही,
हे तिला अजून पटलेलं नाही.
"चहाने देवाचं काय बिघडतं?"
चोकेवांकाकडे उत्तर आहे, पाठ, लांबलचक.
माझी स्पॅनिश तिथवर पोचत नाही.
मग ती सेद्रोनची पानं उकळते
आणि आजाऱ्यापुढे ठेवावा तसा कप ठेवते.

माझं आडनाव थॉर्नॉक. तिच्या जिभेवर त्याचं होतं तोर्नो.
पहिल्यांदा ऐकून चोकेवांका हसत सुटला होता:
तोर्नो म्हणजे परतला.
"परतला, लाकडं आण." "परतला, पाय पूस."
भिंतीवर तिच्या मुलाचा फोटो. पिवळा रेनकोट,
हातात परातीएवढा खेकडा.
बोट निघाली, बारा वर्षं झाली. एवढंच सांगते.

एकदा मी पुनरुत्थानाचा धडा काढला.
वाक्यं घरून जुळवून नेली होती.
तिने ऐकून घेतलं, शेगडीत लाकूड सारलं.
"सगळे उठले, म्हणालास तू," ती म्हणाली.
"उठतील, म्हणायचं असेल तुला."
मी वही काढली, दुरुस्त करायला.
"राहू दे," म्हणाली.

सोमवारी कपडे धुणं, आणि घरी व्हिडिओ कॉल.
बाबा फोन असा धरतात की नुसतं कपाळ दिसतं
आणि मागे गोदाम.
आजोबांना पोचवलं त्या दिवशी मी असाच होतो तिथे,
फोनमध्ये, कुणीतरी खुर्चीला टेकवून ठेवलेला.
हे तिला मी सांगितलं नव्हतं.
त्या गुरुवारी माझ्या बशीत पावाचा जास्तीचा तुकडा होता,
कालाफातेचा मुरंबा कडेपर्यंत.
चोकेवांका खिडकीबाहेर बघत होता.

शनिवारी बदलीचा फोन आला.
सामुद्रधुनीच्या पलीकडे.
"बोटीने?" तिने विचारलं.
मी मान हलवली.
रात्री हिशेब द्यायचा होता: धडे किती, तारीख कुणाची ठरली.
तिच्यापुढे शून्य. शेवटपर्यंत शून्यच.

दाराशी तिने अंगठ्याने माझी पट्टी पुसली
आणि डोळे बारीक करून, अक्षर अक्षर लावत
नाव वाचलं. थॉर. नॉक.
पहिल्यांदाच बरोबर.
"चुकलं," मी म्हणालो.

रस्त्यावर चोकेवांका दोर धरून उभा होता.