पुरापुरतं

नोव्हेंबर लागला की शालनच्या फोनवर मेसेज येतो:
हयातीचा दाखला सादर करा.
यंदाही आला.
ती भाद्रपदात गेली, हे एका टेबलाला कळलंय,
दुसऱ्याला अजून कळायचंय.

दर वर्षी दोघी जायचो, सकाळच्या पहिल्या रिक्षानं.
ती इस्त्रीची पांढरी साडी नेसायची, ड्यूटीवर निघाल्यासारखी.
यंत्रावर अंगठा टेकवला की यंत्र म्हणायचं, पुन्हा.
तेहतीस वर्षं सिव्हिलमध्ये स्पिरिटनं धुतलेला अंगठा,
रेषा कुठून राहणार त्याच्यावर.
"मी जिवंत आहे का, हे ह्याला विचारतात," ती हसायची,
"तुला विचारलं असतं तर चटकन सांगितलं असतंस."

मी मार्केट यार्डात हळद निवडते.
गड्डा एकीकडं, हळकुंड एकीकडं.
माझ्या हातांना पेन्शन नाही, रंग आहे.
तो तिच्या उशीच्या अभ्र्यावर आहे,
पासबुकाच्या कडेला,
चष्म्याच्या दांडीवर.

रिटायर व्हायच्या वर्षी तिनं फॉर्म भरला.
वारस: माझं नाव.
नातं: इथं ती बराच वेळ थांबली,
पेनाचं टोक दातात धरून.
मग लिहिलं, घरची.
हेडक्लार्कनं लाल शाईनं गोल केला.
सिस्टर, घरची म्हणजे कोण? कामवाली का?
तिनं कागद परत घेतला,
समोर आलेला चहा तसाच ठेवला,
आणि भाच्याचं नाव घातलं, विट्याच्या.
भाचा वाईट नाही. तेराव्याला आला,
जाताना कपाटाची मापं घेऊन गेला.

एकोणीस साली गावभागात पाणी शिरलं.
आम्ही माळ्यावर: गॅसची टाकी, पिठाचा डबा,
प्लास्टिकात गुंडाळलेलं तिचं सर्व्हिस बुक.
पाणी उतरल्यावर तलाठी आला, बूट चिखलानं जड.
किती कुटुंबं?
मी म्हटलं, दोन.
दोन म्हटलं तर दोन मदती, खोटं कशाला बोलू.
त्यानं वाकून आत बघितलं:
एक चूल, एक माठ, दोरीवर वाळत घातलेली
एक मच्छरदाणी.
"एकच धरतो, मावशी. चूल एक तर कुटुंब एक."
तसं लिहिलं. सही केली, शिक्का मारला.
रात्री चिखल ओढता ओढता शालन मध्येच थांबली,
खराट्यावर हनुवटी टेकून म्हणाली,
"अगं, झालं की गं आपलं. आणि शिक्क्यानिशी!"
शेजारचे बघायला आले, ह्या दोघी
एवढ्या घाणीत हसतायत कशाला.

तोच पंचनामा घेऊन मी ट्रेझरीत गेले.
खिडकीतला पोरगा माझ्या नातवाच्या वयाचा, असता तर.
त्यानं आवाज खाली घेऊन वाचून दाखवलं:
पती, पत्नी, अविवाहित मुलगी, आई, वडील.
इथं रकाना संपला.
मी कागद पुढं सरकवला. घडीवर पाण्याची तपकिरी रेघ.
तो आत घेऊन गेला. काचेतून दिसत होतं,
साहेब वाचतायत, खरंच वाचतायत, दोनदा.
पोरगा परत आला, माझ्याकडं न बघता म्हणाला,
"काकू, साहेब म्हणतात,
ते पुरापुरतं होतं."

भिंतीवरची पाण्याची खूण अजून आहे.
दोनदा चुना दिला, वर येते.

मुकादम म्हणतो, मावशी, नजर गेली तुमची,
गड्ड्यात हळकुंडं सापडतायत.
बासष्ट पूर्ण झाली. त्यानंच निराधारचा फॉर्म आणून दिला,
भला माणूस.
त्यातही एक रकाना आहे:
विधवा, परित्यक्ता, अविवाहित. लागू असेल तिथं खूण करा.

शालनचंच पेन घेऊन बसलेय मघापासून,
टोक दातात.
हळदीची चव लागते.