नऊ दशांश

संक्रांतीच्या आधीचा, मानवतचा आठवडी बाजार.
अम्मीच्या गाड्यामागे पाटावर बसून
मी चाळीस बायांचे हात मोजले.
हात नव्हे. हात भरताना
किती बांगड्या गेल्या, ते.

'गेल्या' हा माझा शब्द.
घरात आम्ही 'टूटी' म्हणतो.
गिऱ्हाइकासमोर अम्मी म्हणते, "वाढली गं बाई, असू दे,"
आणि तुकडे पायानं हळूच गोणपाटाखाली सारते.
देवणीकर सरांना विचारणार होते :
जी वजाबाकी वाढ म्हणून बोलली जाते
तिला चिन्ह कोणतं लावायचं?
विचारलं नाही. वर्गात मुलं हसतात.

सरांनी फळ्यावर लिहिलं होतं :
क्ष हे खंडित यादृच्छिक चल.
म्हणजे शून्य, एक, दोन, तीन,
पाय पायरीवरच पडणार, मध्ये कुठंच नाही.
खंडित म्हटल्यावर मला
गोणपाटाखालचा हिरवा चुराच दिसला.

तर, त्या दिवशीचा क्ष.
अठरा जणींची एकही नाही.
बारा जणींची एक.
सहा जणींच्या दोन दोन.
चौघींच्या तीन.
बारा एके बारा,
सहा दुणे बारा,
चार त्रिक बारा.
तीन डझन. पाढा म्हणताना
मलाच जरा भीती वाटली, इतकं सरळ कसं.
छत्तीस भागिले चाळीस.
अपेक्षित मूल्य : शून्य पूर्णांक नऊ.

"काय लिहायलीस?"
"एका बाईमागं किती टूटतात ते."
"एक," अम्मी म्हणाली. मान वर केली नाही,
हातात कुणाचा तरी अंगठा दुमडून धरलेला.
ती एक तिनं भावात आधीच घातलेली असते,
मालाची पेटी उघडते तेव्हाच.
"एक नाही अम्मी, पॉइंट नऊ."
"मग उरलेलं?"

उरलेलं चाळीस बायांमागं चार बांगड्या.
मी हे बोलेपर्यंत तिनं
कोथिंबीरवालीच्या दोन पोरींना जवळ ओढलं होतं,
एकेका हातात एकेक.
चार हात.

दर बाजारी असं जुळत नाही.
दिवाळीच्या बाजारात सत्तेचाळीस गेल्या,
तेव्हाही पोरींना दिल्याच.
ते मी वहीत कुठल्या रकान्यात लिहू,
अजून ठरलेलं नाही.

त्या तिनाच्या चौघींत गयाबाई होती.
नेहमी असते.
जिनिंगमध्ये सरकी उपसून बोटांचे सांधे
आल्याच्या गड्ड्यासारखे झालेले.
साबणाचं पाणी, मग तेल, मग फडकं,
"ढिलं सोड, गया, ढिलं,"
आणि तरी कट्. आणि तरी कट्.
सर म्हणतात, पुष्कळ वेळा करून पाहिलं
की सरासरी अपेक्षेपाशी येते.
गयाबाई वर्षातून दोनदा येते.
नागपंचमी, संक्रांत.
पुष्कळ कधी व्हायचं तिचं?

चाचणीत पिशवीतले लाल आणि हिरवे चेंडू आले.
उत्तर बरोबर होतं, पण एककाच्या जागी
मी 'बांगड्या' लिहून बसले.
अर्धा गुण गेला.
(अर्धा गुण चालतो. गुण खंडित नसतात वाटतं.)

रात्री भाकरी झाल्यावर अम्मी म्हणाली,
"ती तुझी पॉइंट नऊ बांगडी
कशी असती, दाखव बरं."
सर म्हणाले होते, अपेक्षित मूल्य
प्रत्यक्षात कधीच न येणारा आकडाही असू शकतो.
पण तिनं मागितलं म्हणून मी कंपास काढला,
बांगडीएवढं वर्तुळ आखलं,
कोनमापक ठेवून छत्तीस अंश
खोडून टाकले.

अम्मीनं वही दिव्याखाली धरली.
दोन बोटांनी ती मोकळी जागा
उघडावी तशी कागदावर फाकवून पाहिली.
"ही गयाला जाईल," म्हणाली.
मग वही परत देताना,
"काचेत मिळत नाही पण."