नऊ इंचांचा बाक

माठ घेताना वाजवून बघतात,
तशी मी वीट वाजवते.
टण्ण म्हणजे ठीक. भद्द म्हणजे मागे पोकळी:
खडूने फुली, वहीत नोंद, पुढची वीट.

क्रॅगशॉचा बोगदा, यॉर्कशायर. अकराशे यार्ड.
शेवटची गाडी चौसष्टच्या ऑक्टोबरात गेली,
दोन डबे, सात उतारू, आणि कोंबड्यांचा एक खोका
ज्यावरचा पत्ता चुकला होता.
स्टेशनमास्तरने कोंबड्या मोजून लिहिल्यात, बारा.
उतारूंची नावं नाहीत.

खणायला घेतला दोन्हीकडून.
पूर्वेला ईनॉक टॅटरसॉलची टोळी,
पश्चिमेला मेयोहून आलेले आयरिश,
एकमेकांना शिव्या घालणारे,
एकाच गुत्त्याचे देणेकरी.
अडीच वर्षं मेणबत्तीवर काढली,
अकरा माणसं सुरुंगाला दिली,
आणि डोंगराच्या पोटात भेटले
तेव्हा नऊ इंच चुकले होते.
इंजिनिअर म्हणे तिथेच खाली बसला.
मग भिंत हळूच वळवली, विटेमागे वीट सरकवत,
बोलता बोलता माणूस विषय बदलतो तशी.

सव्वाशे वर्षांत गाडीतल्या कुणाला कळलं नाही.

दर बावीस यार्डांवर कोनाडा.
कोनाड्यात दिवा ठेवायचा, एवढंच मला माहीत होतं.
इथे माणूस ठेवत:
गाडी आली की पाठ भिंतीला, टोपी तोंडावर, श्वास बंद.
सव्विसाव्यात काजळीमध्ये
दोन खांद्यांएवढी जागा अजून फिकट आहे.
वॉल्टर एकरॉइड, लाइनमन, बत्तीस वर्षं.
किंवा दुसरा कुणी. काजळी सही घेत नाही.

नंतर इथे अळंबी पिकवून पाहिली. कुजली.
नंतर पाणी. नंतर पोरं.
पांढऱ्या रंगात कुणी लिहिलं होतं, शेरिल, परत ये.
चुन्याचा ओघळ 'परत'वरून गेला.
उरलं, शेरिल, ये.

बाकापाशी मी दिवा विझवते.
दोन्ही तोंडं दिसतात, तांदळाच्या दाण्याएवढी,
पण एका ओळीत नाहीत.

"काय म्हणतोय?" डेरेक बाहेरून वॉकीवर विचारतो.
"भद्द," मी सांगते.
त्याला मराठी येत नाही. "वाटलंच," म्हणतो.

अहवालाच्या तळाशी एक रकाना आहे:
काँक्रीटने भरावा, की राखावा.
तो तसाच ठेवून
सव्विसाव्या कोनाड्यात मी डबा उघडते.
फिकट खांदे माझ्या खांद्यांहून रुंद आहेत.
दोन्हीकडून थोडी जागा उरते.