हिरव्या पट्टीचं स्टेशन

शेवटची गाडी गेली की
जिन्याचं जाळीचं दार मी आतून ओढून घेते.
मग बादली, ब्रश आणि भिंत.
वर बुएनोस आइरेस जागंच असतं,
मी त्याच्या पोटात शिरून त्याचं तोंड धुते.

पांढऱ्या टाइल्स, त्यांच्या माथ्यावर हिरवी पट्टी.
पुढच्या स्टेशनात निळी, त्यापुढे तपकिरी.
बांधणाऱ्यांना ठाऊक होतं,
बोटीतून उतरलेल्यांत अक्षरशत्रू किती ते.

एउलालियाबाईंची आई त्यातलीच.
गालिसियाहून आलेली, लोकांच्या चादरी धुणारी.
हिरवं आलं की उतरायचं,
एवढीच तिची शाळा.
एकदा फलाटावरचे दिवे गेले
आणि ती पार टोकाला जाऊन परत आली,
तीन ओल्या चादरी मांडीवर घेऊन.
गाडीभर कुणाला विचारलं नाही.
विचारलं असतं तर कळलं असतं ना सगळ्यांना.

तेव्हा डबे लाकडी होते,
दार आपल्या हातानं उघडायचं, पितळी कडी धरून.
एउलालियाबाई अजून कडीला हात घालतात.
दार आपसूक सरकतं
आणि हात राहतो हवेत,
उसने पैसे मागावेत की नकोत, अशा बेतात.

चाळीस वर्षं त्यांनी पोरांना वाचायला शिकवलं.
आता डोळ्यांतलं मधलं मधलं चाललंय,
कडा तेवढ्या शाबूत, असं डॉक्टर म्हणाले.
स्टेशनचं नाव बरोबर मध्ये येतं.
पट्टी कडेला.

पहाटे पहिल्या गाडीला येतात,
माझी बादली वाटेत असली तरी काठीनं अचूक चुकवतात.
म्हणाल्या, "हिरवं तेवढं पुसत जा गं.
बाकी भिंत राहिली तरी चालेल."

मुकादम बाल्दोमेरो भिंत चौरस मीटरवर मोजतो.
पट्टी वेगळी धरत नाहीत, म्हणाला,
ती भिंतीतच आली.

मी ओरुरोची. मला वाचता येतं, हिशेबही येतो.
परवा सुट्टीच्या दिवशी याच गाडीनं आले,
नाव बघितलंच नाही,
उतरले.

पट्टी मी शेवटी घेते.
त्याआधी बादली ओतून टाकते
आणि पाणी नवं भरते.