रिकामी उडी

धनेश शिगवण ऑगस्टात बोटीवर नोकरीला गेला,
जाताना गुडघ्याच्या पट्ट्या मला देऊन.
त्याचा सेट म्हणजे भरवशाचं काम:
नेटच्या कडेला उंच, संथ.
चेंडू वर थांबून माझी वाट बघायचा,
मी तीन पावलं टाकायचो आणि फोडायचो.
चेंडू कुठे जाणार हे अख्ख्या गुहागरला ठाऊक,
चिपळूणवाल्यांनाही.

नवा सेटर ताहीर होडेकर, दाभोळचा, एफ. वाय.
धोपाव्याच्या फेरीबोटीने रोज खाडी ओलांडून येतो,
शेवटची बोट चुकली की खातू सरांच्या पडवीत झोपतो.
डावखुरा, काटकुळा, बोलणं मोजून मापून.
आणि सेट असा की चेंडू बोटांना लागला न लागला
तोच गेलेला.
कुणाकडे, ते मला मागे वळून बघावं लागे.
पहिले पंधरा दिवस मी हवेत पोचायचो
तेव्हा हवेत काहीच नसायचं.

खातू सर रसायनाच्या प्रयोगशाळेत असिस्टंट.
बेसिनशेजारच्या काळ्या ओट्यावर
त्यांनी ओल्या खडूने सहा गोल काढले.
"चारनंतर खारा वारा सुटतो.
उंच चेंडू भरकटतो, तो आता बंद.
खालून, झटपट.
मधला आधी उडेल, भुवड दोन नंबरवरून मारेल,
आणि तू…"
माझ्या गोलातून त्यांनी एक बाण वर काढला.
"तू दरवेळी उडायचं. चेंडू येणारच असं धरून."
"येईल ना, सर?"
सरांनी बाहीने ओटा पुसला.
ॲसिडची बाटली जागेवर ठेवली.

मग मी अर्ध्या उड्या मारू लागलो.
राग होता, दुसरं काही नाही.
तीन वर्षं या कॉलेजात चार नंबर म्हणजे मी होतो,
पोरं माझा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर काढायची.

एकदा ताहीरला मोटारसायकलवरून जेटीवर सोडला.
बोट पलीकडून निघाली होती, दिवे लागलेले.
बूट हातात घेऊन तो उतारावर उभा राहिला,
म्हणाला, "तुम्ही अर्धं उडता. समोरच्याला कळतं."
"कळू दे."
"त्यांचे दोघं फक्त तुमच्याकडे बघतात," तो म्हणाला.
"आपल्याकडे तेवढंच आहे."
आणि गेला, पाण्यातून फळीवर,
एकदाही मागे न बघता,
सेट करतो तसाच.

डिसेंबर. फायनल. तिसरा सेट, तेरा-तेरा.
सुरूच्या बनातून वारा आडवा येत होता,
तांबडी माती दातांत करकरत होती.
त्यांची सर्व्हिस, आमचा पास वाकडा,
ताहीर पळत पळत चेंडूखाली गेला
आणि मी तीन पावलं टाकली.
पुरी. धनेशच्या वेळची.
हात मागे, छाती उघडी, घशातून तोच आवाज.

चिपळूणचे दोघं माझ्याबरोबर वर आले.
एकाच्या हनुवटीवर ताजी खपली होती,
इतक्या जवळून बघितली मी ती.
आम्ही तिघं वर, नेटच्या दोन्ही बाजूंना,
सहा हात, आणि चेंडू नाही.
त्याच्या डोळ्यांत ते आधी आलं,
मग माझ्या पाठीमागे, लांब, भुवडचा तळवा वाजला.
तिकडे त्यांच्या कोर्टात कुणीच नव्हतं.

खाली आलो तेव्हा सगळे भुवडच्या अंगावर होते.
माझ्याकडे ताहीरने फक्त बघितलं,
आणि घामाचे हात चड्डीला पुसले.

पंधरावा गुण कसा आला ते भुवड सांगतो,
दर वेळी वेगळं.
फोटोत ताहीर नाही. शेवटची बोट होती.

घरी बाबांनी विचारलं, "तू किती मारलेस?"
मी सात म्हणालो.
मग आंघोळीला गेलो,
आणि बादली भरेपर्यंत
न्हाणीच्या ओल्या फरशीवर
उगाच
एकदा उडी मारून बघितली.