वहीची मागची पानं

पुढून उघडली तर ती उधारीची वही.
नोदार – तेल, दोन पाव, काडेपेटी.
लिआना – साखर, पोरासाठी खोडरबर.
वाझा – सिगारेट, सिगारेट, सिगारेट,
मध्ये एकदाच साबण.
पगार झाला की खाणीवरून माणसं येतात,
मँगनीजने काळ्या झालेल्या बोटांनी नोटा मोजतात,
मी एकेक नाव खोडते.

मागून उघडली तर ती माझ्या देण्याची.

चांगुलपणातून लागली नाही ही सवय, खरं सांगते.
एका जानेवारीत दिवसभर कुणी फिरकलं नाही,
सगळं च्यातुरा धुक्यात बुडालेलं,
पेन चालतंय का बघावं म्हणून
शेवटच्या पानावर ओढलं:
'नळ आज गोठला नाही. त्याचं देणं लागते.'
हसले. एकटीच.
मग खाली तारीख घातली.

तेव्हापासून कुलूप लावायच्या आधी एक नोंद.
केबलकारचा डबा दरीच्या मधोमध अडकला नाही.
एका म्हातारीने सुट्टे पैसे दिले,
तिच्या मुठीइतकेच गरम.
पावाच्या बुडाला चिकटलेला करपट, कुरकुरीत तुकडा
(तो मी गिऱ्हाइकाला कधीच देत नाही).
मांजर तागडीत झोपलं. तीन किलो शंभर.

काही दिवस मात्र हात आखडतात.
पानभर शोधलं तरी सापडत नाही काही,
मग मी लिहिते 'आज दिवस संपला',
आणि तेही देण्यातच धरते.

तेमूरला पुरून आलो त्या संध्याकाळी
वही काढली ती शिव्या लिहायला.
लिहिल्या. दोन ओळी, कागद फाटेपर्यंत.
त्याखाली, का कोण जाणे,
'खूप चिखल होता. बूट आतून कोरडे राहिले.'

त्या बुटांना तळवे त्यानेच ठोकले होते, सप्टेंबरात,
तोंडात खिळे धरून, माझ्याशी भांडत.
हे लिहायला वर्ष गेलं.
समासात लिहिलं. तेवढीच जागा उरली होती.

गेल्या वसंतात नोदार पोलंडला गेला,
गोदामात ट्रक भरायच्या कामावर,
त्रेचाळीस लारी बाकी ठेवून.
बुडाले, एतेरी, सगळे म्हणाले.
परवा त्याची मुलगी आली, नातिया,
पाकिटातून मोजून आणलेले पैसे घेऊन.
मी वही घेतली,
आणि उलटी उघडली तिच्यापुढे.
बारा डिसेंबर: दारातला बर्फ कुणीतरी उपसून ठेवलाय.
तेरा: पुन्हा.
सतरा: ढीग उजव्या बाजूला. डावखुरा दिसतो.
वीस: फावडं त्याचंच. ओळख दाखवली नाही मी.
एका हिवाळ्यात अकरा वेळा.

फिटलं कधीच, म्हटलं, ठेव ते परत.
पोरगी बापाच्या वळणावर गेलेली:
'तो हिशेब वेगळा, मावशी,'
आणि नोटा वजनाखाली सरकवल्या.
निघताना फोनवर बोलत बोलत
दारातली रिकामी क्रेट पायानेच आत ढकलून गेली.
तिला ते आठवतही नसेल.

म्हणजे पुढचं एक नाव खोडलं
तोवर मागे एक ओळ वाढली.
दुकानदाराला हे शोभत नाही, कळतं मला.
खातं बंद करता आलं पाहिजे.
पण माझी आता साठी उलटली,
आणि मागची पानं पुढच्या पानांकडे
सरकत निघाली आहेत;
मध्ये कोरी राहिली आहेत फार तर वीस.

आज सातलाच वीज गेली.
विकायच्या पुड्यातली एक मेणबत्ती काढली,
बशीत उभी केली.
पुढून लिहिलं: एतेरी – मेणबत्ती, एक.
आणि वही उलटी केली.